नासक्या दुधावरचा वरवंटा

मी वरवंटा आहे. काळा, जड, दोन्ही टोकांना गोल. मला वाटायची सवय आहे, बोलायची नाही. पण आता जिथे पडलोय तिथे वाटायला काही नाही, म्हणून बोलतो. थोडक्यात बोलेन.

डोंगराच्या दगडातून पाथरवटाने मला छिन्नीने काढलं. वडवणीच्या बाजारातून आश्रुबाच्या आईने मला आणि पाट्याला एकदमच घरी आणलं. तेलगावजवळचं हे घर म्हशी-शेरडांचं. ठेचा, मसाला, पुरण, सगळं माझ्या अंगाखालून गेलं. मिक्सर आला तेव्हा पाटा मोरीजवळ गेला, त्याच्यावर कपडे आपटू लागले. मला मात्र फळीवरून कुणी हलवलं नाही.

कारण बारसं. या घरात लेकराच्या आधी मला कुंची घालतात. बायका मला पाळण्याखालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात, मग लेकरू पाळण्यात जातं. आणि ज्या सुनेला मूल नाही, तिच्या ओटीत मला शेवटी घालतात. पुढचं बारसं तिचं, असं मानतात. माणसं दगडाकडे काहीही मागतात. मी कधी नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही.

उज्ज्वला ही आश्रुबाची सून. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. आजवर प्रत्येक बारशाला सासू बायडाबाईने तिला चुलीपाशी बसवलं, पाळण्यापाशी येऊ दिलं नाही. यंदा नणंद बबिता माजलगावच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि तिने फोन केला.

"माय, औंदा वरवंटा वहिनीच्याच ओटीत घालायचा. न्हाईतर मी बारशाला येत न्हाई."

बायडाबाईने फोन कानापासून दूर धरला, जणू तो चावणारच होता. उज्ज्वला भांडी घासत होती. घासून झालेला तांब्या तिने परत घासायला घेतला.

बारसं रविवारी होतं. शनिवारी सकाळी बायडाबाई आणि तिचा मुलगा, म्हणजे उज्ज्वलाचा नवरा परमेश्वर, बबिताला आणायला माजलगावला गेले. घरात उज्ज्वला आणि सासरा आश्रुबा, दोघंच. घर शांत झालं. त्या शांततेत उज्ज्वलाला चीज आठवलं.

परमेश्वर पुण्यात कंपनीत होता तेव्हा ती चीज खायला शिकली. चौकोनी तुकडा गरम चपातीवर ठेवायचा आणि वितळायची वाट बघायची, हे ती शेजारणीला कितीदा सांगायची. आता तिने पातेलंभर दूध चुलीवर ठेवलं आणि लिंबू पिळलं.

आश्रुबा ओसरीवरून ओरडला, "उज्ज्वले, चांगलं दूध कावून नासवायलीस?"

"नासवीत न्हाई मामा, चीज करायले."

"म्हशीचं दूध फाडायचं आन् वर विंग्रजी नाव सांगायचं! लई शानी झालीस पुण्याला जाऊन."

तो उठून बघायला आला मात्र. तिने चोथा फडक्यात बांधला, मीठ-मिरची घातली, वर तांब्या ठेवला. तांब्या घसरला. परत ठेवला, परत घसरला. आश्रुबाला कुणाचं चुकतमाकत चाललेलं काम बघवत नाही.

"असं तांब्या नाचवून काय व्हतंय? वजन बसलं पायजे."

त्याने मला फळीवरून उचललं.

"मामा, त्यो उद्याचा हाय. बारशाचा."

"दगुड हाय. दूध काय खातंय त्याला?"

"आत्याबाई बोलतील."

"मी हाय की. घर कुनाचं हाय हे?"

त्याने स्वतःच्या हाताने मला फडक्यावर ठेवलं. माझ्याखालून पाणी निथळत गेलं.

दुपारी तिने त्याच्या वड्या कापून तव्यावर लाल केल्या आणि बाजरीच्या भाकरीबरोबर वाढल्या. "पुण्यातल्यासारखी तार सुटत न्हाई मामा, पन चव हाय." आश्रुबाने पहिला घास औषध घेतल्यासारखा घेतला. मग ताट पुढे केलं. "आजून हाय का?" तिच्या वाटणीचंही त्यानेच खाल्लं. तिला एक तुकडा उरला. तो तिने डोळे मिटून खाल्ला. या घरात कुणाला इतकं सावकाश खाताना मी पाहिलं नव्हतं.

तिने मला राखेने घासलं, गरम पाण्याने धुतलं, फळीवर ठेवलं. पण माझं अंग टाकी लावलेलं, खडबडीत. त्यात दूध बसलं ते बसलंच.

दिवेलागणीला माणसं आली. ओवाळून झालं, बबिता लेकराला घेऊन बाजेवर बसली. बायडाबाईने नवी कुंची बांधायला मला उचललं आणि नाकाशी नेलं.

"नासक्या दुधाचा वास येतोय. कुनी लावलं?"

उज्ज्वला म्हणाली, "चीज केलं व्हतं आत्याबाई. त्याच्यावर वजन—"

"बाळंतीन घरात यायच्या दिवशी दूध फाडलंस? माझ्या लेकीचं दूध आटवायचं हाय व्हय? स्वताची कूस कोरडी, म्हनून दुसरीचा पान्हा बघवंना का?"

"मामांनीच ठिवला. मामांना इचारा."

सगळ्यांनी आश्रुबाकडे बघितलं. उज्ज्वलाने सगळ्यांत जास्त. म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला.

"मला काय ठाव? मी रानात गेलतो. आन् असलं नासकं कोन खातंय?"

परमेश्वर मोबाइल बघत राहिला. उज्ज्वला बबिताकडे वळली. बबिताने लेकराला पदराखाली घेतलं.

"वहिनी, उद्या तू आतच बस. माझं लेकरू लहान हाय."

रविवारी शेजारच्या सुंदरबाईचा वरवंटा आणला. त्यालाच कुंची घातली, पाळणा गायला. उज्ज्वला आतल्या खोलीत गहू निवडत बसली होती. दार बायडाबाईने बाहेरून ओढून घेतलं होतं.

मला गोठ्यात टाकलं. आश्रुबा माझ्याने म्हशीच्या खुंट्या ठोकतो.

परवा बायडाबाई बाजाराला गेली होती. उज्ज्वला म्हैस पिळत होती. आश्रुबा आला, खाकरला, इकडेतिकडे बघितलं.

"पोरी, ते मागचं पांढरं... करतीस का उलुसं, घासभर? घरी कुनी न्हाई."

तिने धार थांबवली नाही. "वजन न्हाई मामा."

"हे काय, हितंच पडलाय की." त्याने मला उचलून तिच्यापुढे धरलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आन् ह्या खेपेला कुनी ठिवला म्हनून सांगू?"

बादली उचलून ती घरात गेली. तो मला हातात धरून तसाच उभा राहिला. मग एका खुंटीवर माझ्याने घाव घालायला लागला. खुंटी सैल नव्हती. तरी घालत राहिला. माझं एक टोक उडालं.

टोक उडालेला वरवंटा पाळण्याखालून नेत नाहीत. पुढचं बारसं या घरात कधी झालंच, तर मला शोधत येऊ नका.