नऊ महिन्यांची गाडी

"एक रुपया कमी होणार नाही, मॅडम." हे वाक्य रंजीताने त्या आठवड्यात चार वेळा ऐकलं होतं. दोनदा नागपूरहून, एकदा रायपूरहून आणि एकदा थेट हैदराबादहून. बोलणाऱ्याचा आवाज दर वेळी साखरेत घोळलेला असे आणि फोन ठेवल्यावर हिचे कान तापत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, बसस्टँडमागे तिच्या तीन टुरिस्ट गाड्या उभ्या असत. पहिली तिने स्वतः चालवली होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात पेशंट ने, वऱ्हाड पोचव, साहेबांना दौऱ्यावर फिरव, असं करत करत सात वर्षांत एकीच्या तीन झाल्या. आणि ऑगस्टच्या शेवटी मोहर्लीजवळच्या एका मोठ्या लॉजच्या मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. मुंबई-दिल्लीचे पाहुणे नागपूर विमानतळावरून ताडोब्यात आणायचे, परत सोडायचे. करार तीन वर्षांचा. अट एकच: गाडी परदेशी कंपनीची, नवीकोरी हवी आणि एक ऑक्टोबरला कोअरचं, म्हणजे आतल्या जंगलाचं, गेट उघडायच्या आत लॉजच्या दारात हवी.

असली गाडी विकत घ्यायची तिची ऐपत नव्हती. म्हणून तिने लीजचा रस्ता शोधला. गाडी डीलरची, भाडं महिन्याचं ठरलेलं, तीन वर्षांनी गाडी परत. भाडं सव्वा लाख. लॉज देणार होतं त्यातून ते निघून वर चार पैसे उरतही होते. गोची वेगळीच होती. पावसाळ्याचे तीन महिने कोअर बंद, म्हणून लॉजला कुलूप, म्हणून लॉजचे पैसे वर्षातले नऊच महिने. डीलर मात्र भाडं बारा महिन्यांचं मागत होते. तीन महिन्यांचा तो खड्डा सगळा नफा गिळून वर घरचे पैसे मागत होता.

"काऊन तोंड पाडून बसली व?" तिच्या आईने, भागीरथाबाईने, विचारलं. मूलच्या बाजारात मच्छी विकता विकता बाईंचे केस पांढरे झाले होते.

"माय, सारेच म्हणून राह्यले, सणासुदीचे दिवस आहेत, गाड्यांले वेटिंग आहे. भाव कमी करतच नाईत."

"फोनवर कसा करतीन? गिऱ्हाईक समोर उभं राह्यलं, तवा भावाची गोठ होते. जाय समोर."

समोर जायची संधी चालून आली. नागपूरच्या एका डीलरने चंद्रपुरातल्या एका हॉटेलात दोन दिवस गाड्या मांडल्याची जाहिरात मोबाइलवर आली. कोळशाचे ठेकेदार, डॉक्टर, राइस मिलवाले यांच्यासाठी तो थाट होता. रंजीताने ठेवणीतली साडी नेसली. भागीरथाबाई म्हणाली, "मी पण येतो. गाडी कशी दिसते ते पाहू दे." मिथुन हा रंजीताचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याने दोघींना चंद्रपूरला आणलं आणि गाडी लावून तोही मागोमाग हॉलमध्ये शिरला.

हॉलमध्ये दिव्यांच्या झोतात तीन गाड्या उभ्या होत्या. मधली काळी. तिच्या दारात रंजीताला स्वतःचा पूर्ण चेहरा दिसला. निळा कोट घातलेला मॅनेजर पुढे आला. त्याचं नाव प्रणित. त्याने अदबीने दार उघडून तिला स्टीअरिंगवर बसवलं आणि दार लावलं. फट् असा हलका आवाज झाला आणि हॉलचा सगळा गोंगाट बाहेर राहिला. आजवर तिने चालवलेल्या प्रत्येक गाडीचं काही ना काही खुळखुळत असे. ही नुसती गप्प उभी राहूनच सांगत होती की मी धावणारी आहे. तिने स्टीअरिंग घट्ट धरलं, मग सोडलं. आवडली हे समोरच्याला कळता कामा नये.

पण मागच्या सीटवर भागीरथाबाई कधीच जाऊन बसली होती. "आई व! हे त झोपाळाच आहे!" ती मोठ्याने म्हणाली आणि रंजीताने कपाळाला हात लावला.

टेबलावर बोलणी सुरू झाली. प्रणितने कॉफी मागवली, कागद पसरले आणि हसून म्हणाला, "मॅडम, आधीच सांगतो. लीजचे रेट वरून ठरून येतात. एक रुपयाही..."

"माहीत आहे," रंजीता म्हणाली. "वर्षाचं भाडं एकदम आधी दिलं तर?"

"रेट तोच."

"दोन गाड्या घेतल्या तर?" घ्यायच्या नव्हत्या, पण विचारून पाहिलं.

"तोच, मॅडम."

तिने भाड्यातून विमा वगळून पाहिला, सर्व्हिसिंग वगळून पाहिलं. जिथे हात घालावा तिथे भिंत. कॉफी संपली. आता उठावं, असं मनात येत होतं. तेवढ्यात हॉलच्या दारातून एक माणूस तणतणत आत आला.

"कुठी आहे तुमचा मॅनेजर? हप्ता झाला, माझी गाडी तुमच्या वर्कशॉपमध्ये पडून आहे!"

ते माजरीचे गोपालभाऊ, कोळसा वाहतुकीचे मोठे ठेकेदार. मागच्या आठवड्यातल्या पावसात त्यांची गाडी पुलाखालच्या पाण्यात बंद पडली होती. प्रणित धावत गेला. "भाऊ, पावसाळ्यात अशा वीस-पंचवीस गाड्या येतात. पार्ट बाहेरून येतात, वेळ लागतो."

"लागू दे ना वेळ! पण तवर मले दुसरी गाडी द्या म्हणलं. साठ लाखांची गाडी घेऊन मी मुलाच्या बुलेटवर फिरून राह्यलो!"

"बदली गाड्या दोनच आहेत, भाऊ. दोन्ही बाहेर आहेत. पावसाळाभर हीच ओढाताण असते."

रंजीता खुर्चीत ताठ झाली. पावसाळाभर! ज्या तीन महिन्यांत तिची गाडी बिनकामाची, त्याच तीन महिन्यांत या डीलरला गाडीची मारामार! तिने आईचा हात इतका जोरात दाबला, की बाईच्या बांगड्या वाजल्या.

प्रणित घाम पुसत परत आला. रंजीताने आवाज शक्य तितका सपाट ठेवला.

"साहेब, तुमचा रेट मले मंजूर. एक रुपया कमी नका करू. पण भाडं नऊ महिन्यांचं घ्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर गाडी तुमच्याकडे. ज्यांच्या गाड्या पाण्यात बुडतात, त्यांले द्या."

प्रणितने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. मग सावरून म्हणाला, "कल्पना चांगली आहे, पण तुमची गाडी टॅक्सी पासिंगची असणार. पिवळी पाटी. ती कस्टमरच्या हातात चालवायला देता येत नाही."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागे उभ्या मिथुनकडे तिचं लक्ष गेलं. पावसाळ्यात त्यालाही काम कमी असे, मग तो तलावावर भावांसोबत जाळं टाकायला जाई.

"हातात देऊच नका," ती म्हणाली. "ड्रायव्हरसकट द्या. हा मिथुन. पाच वर्षांपासून माझ्याकडे चालवते, एक ओरखडा नाई. तीन महिन्यांचा त्याचा पगार तुम्ही द्या."

"मी नागपुरात राहीन," मिथुन घाईघाईने म्हणाला. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

"पण पिवळ्या पाटीत आमचे कस्टमर बसतील का, मॅडम?"

रंजीता उठली आणि सरळ गोपालभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, पुढच्या पावसात गाडी बंद पडली आणि यांनी हीच काळी गाडी ड्रायव्हरसकट दारात पाठवली, फक्त पाटी पिवळी, त चालंन का?"

गोपालभाऊंनी तिला आपादमस्तक पाहिलं. "पाटी कोण पाह्यते बाई? माणूस कोरडा पोचला पाह्यजे. आणि वरून ड्रायव्हर? मले त आजच द्या!"

आजूबाजूचे दोन-तीन जण हसले. एका डॉक्टरबाईने प्रणितला विचारलं, "अशी सोय खरंच करताय का? मग मी बुकिंगचं बघते."

प्रणित फोन घेऊन खिडकीशी गेला. मालकाशी बोलताना सुरुवातीला त्याचं पुस्तकी मराठी चालू होतं. मग हळूहळू आवाज चढला. "नाई सर, ऐका ना... रेट तुटून नाई राह्यला सर, तोच आहे... अजी मी सांगून राह्यलो ना, इथी लोकं विचारून राह्यले!" भागीरथाबाई लेकीच्या कानाला लागली, "हा पोरगा त आपल्याकडचाच दिसते व."

दहा मिनिटं गेली. रंजीताने हात जोडले नाहीत की देव आठवला नाही. ती नुसती त्या काळ्या गाडीकडे बघत राहिली. प्रणित परत आला तेव्हा त्याच्या कोटाची बटणं सुटली होती.

"सर म्हणतात, एका वर्षासाठी हो. पहिला पावसाळा बघू, मग पुढचं."

"नाई," रंजीता म्हणाली. हा शब्द इतक्या सहज कसा निघाला, ते तिला नंतरही कळलं नाही. "लॉजचा करार तीन वर्षांचा आहे. तीन वर्ष, नऊ-नऊ महिने. आणि गाडी पंचवीस सप्टेंबरच्या आत."

प्रणितने पुन्हा फोन लावला. या वेळी दोनच मिनिटं लागली. तो हसत हसतच वळला. "द्या सही, ताई. मी पण इकडचाच, वडस्याचा आहो. माझ्या गावाकडच्या बाईनं मले आज पार घामाघूम केलं."

गाडी चोवीस तारखेला मूलमध्ये आली. बाजार भरला होता. मच्छीवाल्या बायका टोपल्या सोडून गोळा झाल्या. भागीरथाबाई दारापाशी उभी राहून कोणालाही काचेला बोट लावू देईना. लॉजच्या मॅनेजरने येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिथेच करारावर सही केली.

एक ऑक्टोबरचे पहिले पाहुणे आणायला मिथुन निघाला, तेव्हा रंजीताने त्याच्या हातातून किल्ली घेतली. "आज तू बाजूले बस."

मूल मागे पडलं. दोन्ही बाजूंना बांध्यांमधलं धान लोंब्यांनी वाकलं होतं. पुढे जंगल लागलं, रस्ता सरळ झाला. तिने हळूच पाय दाबला. गाडीने आवाज केला नाही, नुसती झेप घेतली. मिथुनने सीट गच्च धरली.

"बाई, हळू व!"

रंजीता खळखळून हसली. नागपूर अजून शंभरावर किलोमीटर होतं, आणि ते आज जरा लांब असतं तरी तिला चाललं असतं.