विहिरीत पाणी होतं

प्रकरण सातवे. दुष्काळ : कारणे व परिणाम.
कारणे : १) पाऊस न पडणे.
२)

इथे धम्मपाल अडला. अंधेरीतल्या एका प्रकाशनासाठी तो शाळेची इतिहासाची गाईडं लिहितो. बहात्तरचा दुष्काळ त्याने वाचलेला. आईने भोगलेला.

घाटकोपरला आईला फोन लावला. मागे कुकरची शिट्टी.

"मी नऊ वर्षांची, धाकटी बहीण झुंबर चार," नंदा म्हणाली. "आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला. गावच्या विहिरीत पाणी होतं, हे आधी लिही. आपण हात लावायचा नाही. वरनं कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. त्या दिवशी ओतणारी बाई जेवायला गेलेली."

"मग?"

"बसलो. बसलो. झुंबर रडायची थांबली तेव्हा मी घाबरले. खाणीतल्या डबक्याचं पाजलं तिला. तिसऱ्या दिवशी गेली."

"आई, त्यात तुझी काय चूक?"

"म्हणून तर सांगते ना रे. विहीर आधी लिही."

२) विहिरीत पाणी होते. ते सर्वांसाठी नव्हते.

खाली त्याने झुंबरची हकीकतही लिहिली.

पद्मजा मॅडमनी वाचलं. प्रकाशनाच्या मालकीणही त्याच, संपादकही त्याच.

"दोन नंबर काढ. पेपरात येत नाही हे. पीक बुडालं, धान्य वेळेवर पोचलं नाही, बस."

"मॅडम, खरं आहे ते."

"खरं असेल रे. पालकांचे फोन तू घेणार का?"

"मग झुंबरलाही काढतो."

"तिला कशाला? छान आहे ती. चौकटीत टाक, मुलांना गोष्ट लागते."

विहिरीवरची रेघ धम्मपालने स्वतः मारली. निदान मावशीचं नाव छापून येईल, एवढ्यावर तो खूशही झाला.

पुस्तक आलं. रविवारी तो घेऊन गेला. नंदाने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं.

माहीत आहे का?
१९७२ साली चार वर्षांच्या झुंबरला तिच्या बहिणीने डबक्यातले पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी झुंबर दगावली.

बोट वर गेलं. पान उलटलं, परत आलं.

"विहीर कुठंय?"

"आई, त्यांनी..." मग म्हणाला, "मी काढली."

बोट खाली सरकलं.

स्वाध्याय. प्र. ४. झुंबरच्या बहिणीने काय करायला हवे होते? (२ गुण)
उत्तर : तिने पाणी गाळून व उकळून द्यायला हवे होते.

"हा प्रश्न माझा नाही," धम्मपाल म्हणाला. "स्वाध्याय दुसरा माणूस लिहितो."

नंदाने उत्तर पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मोठ्याने, शाळेत वाचतात तसं. पुस्तक मिटून टीव्हीवर ठेवलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "उकळायला पाहिजे होतं."