नव्या फडक्याची गाळणी

कॉफीला घाई सोसत नाही आणि कीर्तनाला खोळंबा सोसत नाही. चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, सोलापुरातल्या एका पेठेच्या देवळात, गुरम्मा नेमकी या दोहोंच्या मधे सापडली.

गुरम्मा अक्कलकोटकडची, कानडी घरातली. वडील चिकमगळूरच्या मळ्यात कामाला होते, त्यांच्याकडून ती कॉफी करायला शिकली. गिरणीच्या फाटकासमोर तिची गाडी अकरा वर्षं उभी होती. रस्ता रुंद करायला घेतला आणि गाडी उठली. आता देवळाची एक ओवरी मोकळी होती. मुख्य पंच चनमल्लप्पांनी सरळ सांगितलं होतं, की सप्ताहाच्या पहिल्या दिवशी कीर्तनकार बुवांना कॉफी द्या. त्यांना मानवली तर ओवरी तुमची, नाहीतर चहावाला दोनदा येऊन गेलाय.

बुवांचं निरूपण संपलं की मधे नामाचा गजर होतो, बुक्का लागतो आणि मग आख्यान उभं राहतं. त्या गजरात कप पोचायला हवा होता.

गुरम्माच्या दोन गाळण्या होत्या, पितळी कड्यांत अडकवलेल्या, कापडाच्या निमुळत्या पिशव्या. एक अरुंद आणि खोल, हलक्या भाजणीच्या कॉफीसाठी. हलका दाणा हट्टी. त्याला उकळतं पाणी लागतं, तेही थांबत थांबत, बारीक धारेनं. दुसरी रुंद तोंडाची, काळ्या भाजणीसाठी. काळा दाणा लगेच सगळं देऊन टाकतो. त्याच्यावर पाणी जरा निवलेलं आणि चटकन ओतायचं, नाहीतर कडू जहर. बुवांच्या गळ्यासाठी तिनं हलकी भाजणी योजली होती.

देवळाच्या अंगणात मांडलेल्या चुलीपाशी, अरुंद गाळणीत पूड घालून तिनं थोडं पाणी शिंपडलं. पूड फुगायला हवी होती. फुगली नाही. वरून धार धरली, तर पाणी डबक्यासारखं साचून राहिलं आणि खालून तार धरल्यागत चिकट थेंब पडला. तिनं बोट लावून चाखलं. भाताची पेज.

तेव्हा तिचं कापडाकडे लक्ष गेलं. पांढरंशुभ्र, कोरं.

शेजारीच मथुराबाई हात जोडून उभी होती. ही मंद्रूपची; मुलं मागावर कामाला, म्हणून पेठेत राहायला आलेली. एकही कीर्तन न चुकवणारी, पण बसायची खांबाआड. सकाळी तिनं माठातल्या गार पाण्यात ठेवलेली, कॉफीनं तपकिरी झालेली गाळण्यांची दोन फडकी पाहिली आणि तिच्या जिवाला लागलं. बुवांसाठीची कॉफी असल्या फडक्यातनं? तिनं मुलाच्या मागावरचा कोरा मांजरपाट कापला, दोन्ही पिशव्या हातानं शिवल्या आणि जुनी फडकी, देवाच्या कामाची म्हणून उकिरड्यावर न टाकता, चुलीत घातली. मागावरून उतरलेल्या कापडात पेजेसारखी खळ असते, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण भक्तीच्या भरात माणूस हातातलंच विसरतं.

“अक्का, म्या लई वंगाळ केलं की,” ती पुटपुटली.

“चांगलंच करायला गेलात. रडू नका, हंडा चढवा,” गुरम्मा म्हणाली.

दोन्ही पिशव्या धुवायला वेळ नव्हता, आणि हलक्या दाण्यासाठी थांबायलाही. रुंद गाळणी तिनं उकळत्या पाण्यात टाकली, पिळली, पाणी बदललं, पुन्हा टाकली. तिसऱ्या पाण्याला बोटांची बुळबुळ गेली. आत टाळ वाजू लागले. गजर सुरू झाला होता.

मथुराबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि आपला नेहमीचा खांब ओलांडून ती थेट बुवांसमोर जाऊन उभी राहिली. सगळ्या मंडळींदेखत तिनं सांगितलं, की कॉफीला उशीर होतोय तो माझ्यापायी, त्या बाईचा दोष न्हाय. कुणीतरी हसलं. बुवांनी चिपळ्या उंचावल्या.

“आई, तुमच्यापायी देवाचं नाव चार घटका जास्त होणार असेल, तर ही चूक रोज करा.”

आणि गजर असा चढला, की चनमल्लप्पाही टाळी धरून उभे राहिले.

इकडे गुरम्मानं हलक्या भाजणीची उरलेली पूड रुंद गाळणीतून नुसतीच गाळून ओतून दिली; कापडाला कॉफीची ओळख व्हावी म्हणून. मग काळी पूड घातली. पाण्याचा खळखळाट निवेपर्यंत थांबली. हात शिवशिवत होते, तरी थांबली. मग एका गोल धारेत पाणी सोडलं. पूड फुगून घुमटासारखी वर आली.

बुवांनी पेला दोन घोटांत संपवला, गळ्यावरून हात फिरवला आणि एक तान घेऊन पाहिली.

“ओवरीचं पंच जाणोत,” ते म्हणाले, “पण मला सातही दिवस ह्याच हातची हवी.”

चनमल्लप्पांनी आपला रिकामा झालेला पेला निरखला. सात दिवसांचं कशाला, चूल कायमची ओवरीतच मांडा, एवढं बोलून ते बैठकीवर परतले.

आख्यान उभं राहिलं. मथुराबाई पहिल्याच ओळीत बसून राहिली होती. गुरम्मा ओवरीत शिरली आणि कथा ऐकता ऐकता, देवाच्या भिंतीला धूर लागणार नाही असा कोपरा नजरेनं शोधू लागली.