हात न पाहता दिलेली नोकरी

मंगळवारी सकाळी अकराला कटिंग मास्तर बँकेत जायला निघाले. कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत त्यांची नोकरी ‘पक्की’ झाली होती आणि अनामतीचा दुसरा हप्ता दुपारच्या आत भरायचा होता. त्यासाठी ते ठेव मोडणार होते. म्हातारपणासाठी गाठीला होती ती एवढीच.

ते कापड कापायचे तो कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं. बायको त्याआधीच गेलेली. दोन खोल्यांत भांड्याला भांडं लागे ते मास्तरांच्याच हातून. अशात एका बाईचा फोन आला. कंपनीला अनुभवी माणूस हवाय, म्हणाली. मग ती रोजच फोन करू लागली. अनामत मागितली तेव्हा तर मास्तरांना तिचा भरवसाच वाटला. त्यांच्या धंद्यात कात्री मालकाची असे. कामावर लागताना तिची अनामत ठेवायची, सोडताना परत घ्यायची. इथे तर कात्रीऐवजी कापायचं यंत्र हाती मिळणार होतं, अनामत जास्त असणारच. पहिला हप्ता त्यांनी बिनबोभाट भरला.

जिन्यात थोरल्या वहिनी भेटल्या. भाऊ गेल्यापासून वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहत. दिराच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट पाहून त्यांनी हटकलं. मास्तरांनी हौसेने सगळं सांगितलं. कंपनी कुठे आहे, कोण भेटलं, वहिनी विचारत गेल्या. पत्ता नंतर कळणार होता. भेटलं कोणीच नव्हतं.

“भाऊजी, तुमचा हात कोणी पाहिला?”

“म्हणजे?”

“तुम्हीच सांगायचात ना, कापून दाखवल्याशिवाय कटरला कोणी दारात उभं करत नाही म्हणून? मग यांनी एक बाही तरी कापून घेतली का? पगार द्यायच्या आधी पैसे मागतात, ती कसली नोकरी?”

मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, बहुधा पहिल्या हप्त्यापासूनच.

“ती रोज विचारते, जेवलात का म्हणून,” ते म्हणाले.

एकाच जिन्यावर राहून वहिनींनी स्वतः ते कधी विचारलं होतं, त्यांना आठवेना. मग घरात जाऊन त्या चपला घालून आल्या.

दोघं बँकेऐवजी पोलीस चौकीत गेली. हवालदाराने नंबर, तारीख, रक्कम लिहून घेतली. बाई बोलायला कशी होती, असं त्याने विचारलं. “मायाळू,” मास्तर म्हणाले. हवालदाराने ते लिहिलं नाही.

वाचकहो, तुमचं काम न पाहता, समोरासमोर न भेटता, पत्ता न सांगता जो नोकरी देतो आणि वर पैसे मागतो, त्याला एक छदामही देऊ नका. दिला असेल तर लाजून गप्प बसू नका. त्याच दिवशी बँकेला आणि पोलिसांना कळवा. आणि आपल्या जिन्यावर कोणी एकटं राहत असेल, तर ते जेवलं का, हे आपण विचारावं. आपण विचारलं नाही, तर विचारणारे दुसरे टपलेले आहेत.

मास्तरांची ठेव वाचली. पहिला हप्ता अजून परत मिळालेला नाही. तपास चालू आहे, असं चौकीत सांगतात. परवा वहिनींनी शेजारच्या फोनवरून त्या बाईचा नंबर लावून पाहिला. तो व्यस्त होता.