बने

"बत्तीस," खिडकीतला बाबू म्हणाला.

"आमचा नंबर सतरा आहे हो," मी म्हटलं.

"नंबर नाही दाई," आईला म्हणावं तसं तो म्हणाला, "टक्के. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला चाळीस लागतात. हिला मिळणार नाही."

माझ्या हातातली पिशवीच सुटली. डब्यातल्या बेसनाच्या तळलेल्या ठेठऱ्या फरशीवर विखुरल्या. प्रमाणपत्र नाही म्हणजे पेन्शन नाही, आणि दर महिन्याला रक्त चढवायला जिल्ह्याच्या गावी यायचा बसपासही नाही. खेमिन बाकावर बसली होती. माझ्या गेलेल्या भावाची ही एकुलती एक लेक, एकवीस वर्षांची. जन्मापासून सिकलसेल. तिचे पिवळे डोळे आंधळ्यालाही दिसावेत असे.

"डिसेंबरात आठ दिवस दवाखान्यात होती, ते नाही लिहिलं?"

"लिहिलंय ना. पण हेही लिहिलंय." त्यानं कागद काचेला टेकवून वाचला, "'सध्या कोणताही त्रास नाही, असे रुग्ण स्वतः सांगते.'"

मी खेमिनकडे वळले. "असं बोललीस तू?"

"मी कुठं काय बोलले, फूफू! डॉक्टरांनी विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, बने."

बने. छान, बरं. आमच्या छत्तीसगडात कुणीही विचारलं तरी आधी हेच म्हणायचं. घराला आग लागली असेल तर ते त्यानंतर सांगायचं.

हिचा बाप मनराखन माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. माझ्या कडेवरच वाढला. तेव्हा या आजाराला नाव नव्हतं, लोक वात म्हणत. तो खाटेवर तळमळत असायचा, आई तिळाच्या तेलानं त्याचे पाय चोळत असायची, आणि दारात पाहुणा आला की पदरानं त्याचं तोंड पुसून म्हणायची, "बने म्हण रे." तो म्हणायचा. छत्तिसाव्या वर्षी गेला, त्या सकाळीही शेजाऱ्याला बने म्हणाला होता. आमचा मनराखन कधी कुरकुरला नाही, हे मी गावभर मिरवलं. त्याच मिरवण्यावर त्याची लेक वाढवली. साहेबापुढे नीटनेटकं जावं म्हणून त्या दिवशी तिला नवी साडी नेसवून पायांना आळतासुद्धा मीच लावला होता.

"तीन महिन्यांनी पुन्हा या," बाबू म्हणाला. "आणि दाई, लग्नाला निघाल्यासारखी आणू नका हिला."

तीन महिने मी तिची तालीम घेतली. चूल पेटवताना एकदम विचारायचे, "कशी आहेस?"

"बने... अगं बाई, पुन्हा!"

दोघी हसायचो, आणि मग मला हसू नकोसं व्हायचं.

पुन्हा तोच डॉक्टर होता. आम्ही आत शिरलो तसं त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. "काय दाई, कशा आहात?"

"बने," माझं तोंड बोलून गेलं.

खेमिन फिसकन हसली. "साहेब, फूफूचं लिहू नका. माझं लिहा. मी बरी नाही."

त्यानं पेन उचललं. "किती वेळा दुखतं?"

"महिन्यातून सात-आठदा. मांड्या, पाठ, कधी छाती."

सात-आठदा? मला तर दोन-तीनदाच माहीत होतं.

"मग काय करतेस?"

"कोठारात जाते. धानाच्या कोठीला पाठ लावून बसते, तोंडात पदर कोंबून. फूफूला ऐकू जाऊ नये म्हणून."

"आणि बाहेर आल्यावर?"

"फूफू विचारते, काय गं, बरी आहेस ना?"

डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिला.

मला वाटायचं, ती तांदूळ काढायला जाते. एवढा वेळ कसा लागतो म्हणून मी अंगणातून ओरडायचे, आळशी कुठली! आणि ती पायली भरून, तोंड पुसून, हसत बाहेर यायची.

खिडकीतून बाबूनं आकडा सांगितला. मला ऐकूच आला नाही. खेमिननं माझा दंड हलवला. "फूफू, अठ्ठेचाळीस! झालं आपलं काम. अगं, ऐकतेस ना? तुला काय होतंय?"

माझे ओठ सवयीनं उघडले. पण तो शब्द काही आला नाही.