आदर्श घर, मुक्काम गोठा

आसराबाईंचा राग वाजवी होता. वडीगोद्रीच्या शिवारातलं त्यांचं मातीचं, माळवदाचं घर चाळीस उन्हाळे थंड राहिलं आणि त्याबद्दल त्यानं कधी कुणाकडं अनुदान मागितलं नाही. पण सत्त्याण्णव साली त्यांचा मुलगा बद्रीनाथ औरंगाबादहून ऊर्जाबचतीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला, अन् चौथ्या दिवशी त्यानं घर पाडायला काढलं. दोन हात जाडीच्या भिंती म्हणजे जागेची उधळपट्टी, असं त्याला वहीत लिहून दिलं होतं.

तिथं स्लॅबचं घर उभं राहिलं. दिवसा बल्ब लावायला नको म्हणून पश्चिमेला भिंतभर काच. दिवसा लाइट तसाही नसायचा. जुन्या घराची पांढरी माती अन् सागवानी तुळया मात्र कुणाला टाकवेनात, म्हणून आसराबाईंचे मालक आबाराव यांनी त्यातून म्हशीला गोठा बांधला. भिंती तेवढ्याच जाड, वर माळवद. एप्रिलपासून आसराबाई स्लॅबखाली भाजत होत्या आणि म्हैस त्यांच्या घरात डोळे मिटून रवंथ करत होती.

ऊर्जा वाचवणाऱ्या आदर्श घराला सरकारी बक्षीस होतं, बद्रीनाथनं त्याला अर्ज टाकला होता. मे महिन्यात भर दुपारी बक्षीस समितीचे साहेब सुधारलेलं घर तपासायला आले. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. पाण्याचा रांजण गार राहावा म्हणून गोठ्यात ठेवलेला; तिथं पाणी प्यायला गेले ते बाहेरच येईनात. तिथंच त्यांनी पुन्हा तापमापी काढली. स्लॅबखाली बेचाळीस भरलं होतं, म्हशीकडं एकतीस. साहेब प्रामाणिक निघाले. त्यांनी बक्षीस गोठ्याला ठरवलं. अट एकच, आत राहणारं माणूस पाहिजे.

बद्रीनाथनं जल्दी तोड काढली. फोटोपुरती म्हैस स्लॅबखाली बांधायची अन् आईला गोठ्यात उभं करायचं. अर्जावर 'सुधारणेआधी' म्हणून स्लॅबच्या घराचा फोटो चिकटवायचा, 'सुधारणेनंतर' म्हणून गोठा.

"फोटोपुरती बिलकुल न्हाई," आसराबाई म्हणाल्या. बाज, मांडणी, देव, समदं आत्ताच आत आणा, म्हशीला झाडाखाली छप्पर करा. आबारावांनी लगेच बाज उचलली.

मंग त्या साहेबांकडं वळल्या. "अन् लिहा, हे घर आधीच असं होतं. ह्या शहाण्यानं पाडलं."

"बाई, तसा रकाना न्हाई अर्जात."

आसराबाईंनी साहेबांना अदबीनं बाहेर काढलं आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभ्या राहिल्या. रकाना न्हाई तर फोटो न्हाई, आत पाऊलही न्हाई.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी अर्ज उघडला अन् नवा रकाना आखायला बद्रीनाथकडं पट्टी मागितली.