उसना गेलेला 'गाव'

मी 'गाव' बोलतोय. घरंदारं असलेलं गाव नव्हे. मी एक चल आहे, साखर कारखान्याच्या कपाटाएवढ्या संगणकातला नाव लिहिलेला डबा. त्र्याहत्तरच्या दुष्काळात टँकरनं कुठं जायचं ते आमच्यावरून ठरायचं.

आमची उतरंड होती. प्रत्येक टँकरचा आपला 'गाव' डबा. तो रिकामा असेल तर यंत्र त्या टँकरच्या गटाचा डबा बघायचं. तोही रिकामा, तर मी, सगळ्यांत थोरला. सून सासूला विचारते, सासू आजेसासूला, तसंच. आणि माझ्या पोटात काय होतं? 'साहेबांची बाग'! पत्ता नसलेले सगळे टँकर गुलाबांना पाणी घालायला जात. मला लाज वाटायची, पण डब्याला कोण विचारतो?

राहीबाई यंत्राची खोली झाडायची. तिची चिंचवस्ती कुठल्याच डब्यात नव्हती. लांबून हंडा आणून मग ती कामावर यायची.

अशात आमच्या यंत्राचा तरुण इंजिनियर गोरक्ष अमेरिकेतून युनिक्स, म्हणजे संगणक चालवणारी नवी प्रणाली, घेऊन आला आणि तो शेजारच्या छोट्या यंत्रात बसवला. युनिक्स हुशार, सुटसुटीत, पण घरात भांडी नाहीत. त्याला आम्हा जुन्यांची उतरंड हवी होती. गोरक्षनं मला उपसलं, पुसलं आणि तिकडे उसना नेलं. युनिक्सनं माझा साचा उतरवून घेतला. गोरक्ष मला रिकामाच परत ठेवणार, तेवढ्यात राहीबाईनं केरसुणी टाकली.

"आरं, उसनं भांडं रिकामं परत देत्यात व्हय? आईनं शिकवलं न्हाई का?"

गोरक्ष मूळचा कर्जतचा. ओशाळला. "मावशी, पन घालू काय?"

"चिंचवस्ती घाल."

घातली!

दुसऱ्या दिवशी पत्ता नसलेले टँकर ओळीनं चिंचवस्तीत. हंडे भरले, रांजण भरले, लग्नातली घंगाळं भरली, म्हशींच्या अंघोळी झाल्या. शेवटी सूर्यभान ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आता डोक्यावर वतू का?" हे मला राहीबाईनंच फडकं मारता मारता सांगितलं. मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

आज ती काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आलीय. "वस्तीनं दिलंय. यंत्राला पाजायचं हाय. रिकाम्या हातानं कसं यायचं?" गोरक्ष चहाला गेलाय. पाण्यानं मी मरतो हे तिला ठाऊक नाही आणि माझं तिला ऐकू येत नाही. राग मात्र येत नाही. एवढ्या गुलाबांना पाणी पाजलं, मला कुणी पहिल्यांदाच विचारतंय.

युनिक्सराव, शेजारधर्म म्हणून मला एकदा उसना न्या. आत्ताच न्या. आणि या खेपेला पुसू नका, भरलेला आहे.